रक्त मागवलं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या सांगलीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणी, आणि मागे धड लाल दिवासुद्धा नाही. परवा सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर अशीच एक ट्रॉली कोपऱ्यावर वळली, चार-सहा ऊस घसरून रस्त्यावर पडले, चाकाखाली चिरडले आणि तो ओला, गोडसर, गवताळ वास भपकन नाकात गेला. दुधाची पिशवी हातात धरून मी तशीच उभी राहिले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, बरं वाटत नाही का?" म्हटलं, "बरं आहे हो. हंगाम सुरू झाला, एवढंच." त्या हसल्या आणि गेल्या.

लोकांना हंगाम म्हटलं की गुऱ्हाळ आठवतं, थंडीतली शेकोटी आठवते, ताजा गरम गूळ आठवतो. मला आठवते एक काचेची नळी. बोटाएवढी, रबरी बुचाची, आत तळाशी थोडं रक्त. पट्टी चिकटवून तिच्यावर नाव लिहिलेलं. अक्षर माझं.

त्यातून यंदा आणखी एक झालं. इथल्या एका हॉस्पिटलानं नव्या डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या एकत्र सरावासाठी एक बाहुली आणली. माणसाएवढी, रबराची. डोळे मिटते, उघडते, कण्हते, नाडी लागते, बटण दाबलं की बाळंत होते आणि दुसरं बटण दाबलं की अंगावरून रक्त जायला लागतं. माझ्यासारख्या रिटायर सिस्टरला शिकवायला बोलावलं होतं. तिथला तरुण डॉक्टर मोठ्या कौतुकानं म्हणाला, "मॅडम, याला सिम्युलेशन म्हणतात." तोंडावर आलं होतं, बाळा, अशी बाई मी गादीच्या कापसाची शिवलेली बघितलीय, तू जन्मलाही नव्हतास तेव्हा. पण म्हातारपणी जीभ आवरावी म्हणतात, ती आवरली. फक्त एक अट घातली. खोलीच्या दाराशी एक बाकडं पाहिजे आणि त्यावर कुणीतरी बाईमाणूस बसलेलं पाहिजे. डॉक्टर नको, नर्स नको. तो पोरगा म्हणाला, "कशाला, मॅडम?" म्हटलं, "सांगते नंतर." त्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. सांगलीत नर्सिंग संपवून मी पहिल्या नोकरीवर लागले ती रहिमतपूरच्या बाजूला, एका छोट्या दवाखान्यात. कौलारू इमारत, तीस खाटा, दारात कडुलिंब, लिंबाखाली जीप. माझं वय बावीस. तोरा एवढा की विचारू नका. गोल्ड मेडल नव्हतं, पण चालायची मेडल असल्यासारखी. माझ्याच आगेमागे जोशी डॉक्टर आले. गावभागातला सांगलीकर मुलगा, नुकताच डॉक्टर झालेला, इस्त्रीचा शर्ट, हात थरथरायचे ते खिशात घालून ठेवायचा. आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर साळुंखे सिस्टर. प्रसूतीच्या खोलीच्या त्या इनचार्ज. गाव म्हसवडकडचं, आवाज खणखणीत, आणि अंगात वीस वर्षांची नोकरी.

आमच्यात एक रीत होती. डॉक्टर बोलत असताना सिस्टरनं बोलायचं नाही. डॉक्टर खोलीत आले की खुर्ची सोडायची. डॉक्टर चुकत असले तरी "हो डॉक्टर" म्हणायचं, आणि मग मागे जाऊन एकमेकींच्या कानात कुजबुजायचं. साळुंखे सिस्टरना ह्या रीतीचा भयंकर राग. म्हणायच्या, "आगं, कुजबुजून कुणाचं रगत थांबतंय व्हय?" म्हणून त्यांनी गुरुवार काढला. ओपीडी आटोपली, जेवणं झाली की दर गुरुवारी दुपारी आमचा सराव. नवा डॉक्टर, नव्या सिस्टरा, आया, सगळे एकत्र. मधे टेबलावर गोदाक्का.

गोदाक्का म्हणजे आमची बाहुली. फाटक्या चादरी शिवून, जुन्या गाद्यांचा कापूस कोंबून साळुंखे सिस्टरांनी ती स्वतः केली होती. पोटात गर्भपिशवी म्हणून फुटबॉलचं ब्लॅडर, सलाईनच्या रिकाम्या बाटलीत कुंकवाचं पाणी आणि तिला नळी. डोळे काजळानं काढले होते, ते एक बारीक एक मोठा झाले होते, त्यामुळे बाई कायम डोळा मारतेय असं वाटायचं. कपाळावर टिकलीसुद्धा होती. जोशी डॉक्टर पहिल्या दिवशी इतके लाजले की गोदाक्काच्या पोटाला हात लावेनात. साळुंखे सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आवं, ती काय बोलणार हाय? पण उद्या जी येणार हाय ती बी बोलणार न्हाई, ती शुद्धीत नसंल. दाबा बघू." आम्ही पोरी खुसुखुसु हसलो. आज त्या हसण्याचीसुद्धा लाज वाटते, पण तेव्हा हसलो खरं.

नियम एकच. जे कराल ते मोठ्यानं बोलायचं. कारण घाईगर्दीत प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं केलंच असेल. म्हणून खणखणीत ओरडायचं. "पिशवी चोळतेय!" "सलाईन लावलं!" "मेथर्जिन दिलं!" "रक्त मागवलं!" आणि डॉक्टरानं प्रत्येक वेळी उलट ओरडायचं, "ऐकलं!" चार-पाच गुरुवारांत आमचा असा मेळ बसला की बाहेर ओट्यावर बसलेले पेशंट आत डोकावून बघायचे. जोशी डॉक्टरांचे हात खिशातून बाहेर आले. एकदा मी त्यांना भर सरावात म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही डोस चुकलात." माझ्या तोंडून ते निघालं आणि माझीच जीभ चावली गेली. ते म्हणाले, "ऐकलं! थँक्यू." साळुंखे सिस्टरांचा चेहरा असा खुलला की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

सलाईन आम्ही खरोखर टांगायचो. रक्त थांबवायचं मेथर्जिनचं इंजेक्शन रिकामं, पण सुई उघडून टोचायचो. पिशवी म्हणून ब्लॅडर चोळायचो, हात भरून येईपर्यंत. रक्ताचं मात्र तसं जमत नव्हतं. रक्तपेढी साताऱ्याला. खरी वेळ आली तर पेशंटचं रक्त गट जुळवायला नळीत काढायचं, चिठ्ठी लिहायची, नळी आणि चिठ्ठी जीपवाल्या बाबूरावांच्या हातात द्यायची आणि त्यांनी गाडी सोडायची. साळुंखे सिस्टरांनी बाबूरावांना विचारून बघितलं, निदान वेशीपर्यंत तरी चक्कर माराल का. बाबूराव मिशीत हसून म्हणाले, "बाहुलीसाठी डिझेल जाळू व्हय, सिस्टर? सायब मला जाळंल." मग असं ठरलं की नळीत कुंकवाचं पाणी घ्यायचं, चिठ्ठी गुंडाळायची, टेबलाच्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये ठेवायची आणि म्हणायचं, "रक्त मागवलं!" तिथं ते काम संपायचं. हे काम माझ्याकडे होतं. अक्षर बरं होतं ना माझं.

मंगल आली ती ऐन हंगामात. तिच्या घरचा ऊस त्याच आठवड्यात तुटत होता. पहिलटकरीण, वीस-एकवीस वर्षांची, हातात हिरवा चुडा. नवरा मिलिटरीत, कुठंतरी सरहद्दीवर. सोबत सासू, हौसाक्का. बैलगाडीतून आल्या होत्या दोघी, आणि हौसाक्काच्या लुगड्याला उसाची कुसळं चिकटलेली होती. तिनं येताना एका पितळी डब्यात काकवी आणली होती, सुनेला आवडते म्हणून. मंगल कळा सोसताना मधेच मला म्हणाली, "सिस्टर, तुमी शिकल्याल्या. पोरगी झाली तर सासूबाई रागावत्याल का हो?" मी म्हटलं, "आधी होऊ दे तर. मग मी रागावते त्यांना." ती हसली. तिच्या दातात एक फट होती. असलं काहीतरी कसं लक्षात राहतं कोण जाणे.

सकाळी अकराच्या सुमाराला मुलगी झाली. स्वच्छ ऊन होतं. खिडकीतून लिंबाची पानं, जीपचं टप, सगळं दिसत होतं. मुलगी खणखणीत रडली. हौसाक्का दाराशी बाकड्यावर बसली होती, तिनं तिथूनच कानशिलांवर बोटं मोडून नातीची दृष्ट काढली. आणि दहा मिनिटांनी अंगावरून जायला लागलं.

घाबरलो नाही आम्ही. हेच मला आजही छळतं. आम्ही घाबरलो असतो तर बरं झालं असतं. पण इतके गुरुवार घोटलेलं होतं, हात आपोआप चालायला लागले. जोशी डॉक्टर पोट चोळत होते, "पिशवी चोळतोय!" साळुंखे सिस्टर, "सलाईन लावलं!" दुसरी सिस्टर, "मेथर्जिन दिलं!" मी मंगलच्या दंडातून रक्त काढलं, नळीत भरलं, पट्टी चिकटवली, नाव लिहिलं, चिठ्ठी लिहिली. हौसाक्कानं विचारलं, "हे काय करताय, पोरी?" मी म्हटलं, "आजी, हे साताऱ्याला जाणार. तिथून रक्त येणार. जीप तयार आहे. काळजी करू नका." मग वळले, नळी आणि चिठ्ठी टेबलाच्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये ठेवली आणि खणखणीत ओरडले, "रक्त मागवलं!"

"ऐकलं!" जोशी डॉक्टर म्हणाले.

आणि मी पुढच्या कामाला लागले. बाळाला गुंडाळलं, दुसरं सलाईन फोडलं, मंगलचे गार पाय चोळले. सगळं नेमकं, सगळं जिथल्या तिथं. मनातल्या यादीवर खूण झाली होती की रक्ताचं झालं. देवाशपथ सांगते, मला ती जीप धुरळा उडवत वेशीबाहेर गेलेली दिसत होती.

पाऊण तास झाला. रक्तस्राव थांबायचा, परत सुरू व्हायचा. जोशी डॉक्टर घामानं भिजले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाडी किती वाजता सुटली?" मी म्हटलं, "झाला की पाऊण तास. येईलच." असं म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. लिंबाखाली जीप उभी होती. बाबूराव फडक्यानं काच पुसत होते.

मग मी ट्रेकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

साळुंखे सिस्टरांनी नळी उचलली आणि अनवाणी धावत सुटल्या. एवढ्या जाडजूड बाई, पण कशा धावल्या. जीप गेली. मंगलनं एकदा पाणी मागितलं. एकदा "पोरगी कुठाय?" म्हणून विचारलं, मी बाळ तिच्या गालाला लावलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. बाबूराव परत आले तेव्हा दाराशी उभे राहिले, ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या रक्ताच्या दोन बाटल्या पोटाशी धरून. आतली शांतता त्यांना समजली नाही. त्यांनी विचारलं, "कुणाजवळ देऊ?"

कुणी हात पुढं केला नाही. शेवटी त्यांनी त्या बाटल्या त्याच ट्रेमध्ये ठेवल्या.

कागदावर जोशी डॉक्टरांनी लिहिलं, "रक्त मागवले. वेळेत उपलब्ध झाले नाही." एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. मी खाली सही केली. ते माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. नळी वेळेत गेली असती तरी मंगल वाचली असती की नाही, हे मला कुणीही छातीठोक सांगू शकलेलं नाही, आणि मी पुढे पुष्कळ मोठमोठ्यांना विचारलं. रस्ता खराब होता, उसाच्या गाड्यांची गर्दी होती, वेळ लागलाच असता. असं म्हणून बघितलं मी. त्यानं झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी साळुंखे सिस्टर गोदाक्काची शिवण उसवत बसल्या होत्या. सगळा कापूस बाहेर काढून उन्हात टाकलेला. मी जवळ गेले, रडायलाच लागले. म्हटलं, "माझ्यामुळं झालं." त्या वर न बघता म्हणाल्या, "तुला बोलायला कुणी शिकवलं? म्या. नळी तिथं ठेवायला कुणी शिकवलं? म्याच. पोरी, म्या तुमास्नी समदं शिकवलं, पर दारातनं भाईर पडायला न्हाई शिकवलं." असं म्हणून त्यांनी दातानं दोरा तोडला. पुढच्या गुरुवारी गोदाक्का परत शिवून टेबलावर होती. नळी भरली, आणि मी ओरडायच्या आधीच बाबूराव दारात येऊन उभे. हात पुढं. नळी घेतली, जीप सुरू केली, वेशीपर्यंत गेले आणि आले. त्यानंतर दर गुरुवारी गेले. डिझेलचा शब्द काढला नाही.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती एव्हाना पचवली असती. पण महिन्याभरानं हौसाक्का आली. काखेत नात, दुसऱ्या हातात तोच पितळी डबा. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरणार. खरं सांगते, मला ते हवं होतं. तिनं डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "आमच्या गुऱ्हाळाची काकवी हाय. तुमी लय धावलासा, पोरी. माझ्या सुनेसाठी लय धावलासा."

धावले! जे एक काम धावायचं होतं तेवढंच मी केलं नव्हतं.

मी डबा घेतला. काय करणार? त्या काकवीचं एक बोटसुद्धा माझ्या घशाखाली उतरलं नाही. वॉर्डात वाटून टाकली. पुढच्या हंगामात पुन्हा डबा. त्याच्या पुढच्या हंगामात पुन्हा. नात चालत यायला लागली, बोलायला लागली, मला "शिश्टर" म्हणायला लागली. तिच्याही दातात तीच फट. शिव्या खाल्लेलं माणूस कधीतरी विसरतं, पण असं गोड कुणी हातात ठेवलं की ते कुठं ठेवायचं हो? कारखान्याच्या चिमणीचा वास आला, गुऱ्हाळाचा धूर दिसला की डबा येणार हे मला कळायचं. यंदा सांगायचंच, असं दरवर्षी म्हणायची. आणि दरवर्षी डबा घासून परत द्यायची.

पाच-सहा हंगाम असेच गेले. माझी सांगलीला बदली झाली तेव्हा म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. एका दुपारी त्यांच्या गुऱ्हाळावर गेले. काहिलीत रस खदखदत होता, मळी काढून बाजूला टाकलेली, चिपाडांच्या ढिगावर नात लोळत होती. हौसाक्का चुलवणाच्या उबेला बसली होती. मला बघून उठायला लागली. मी तिला बसवलं, शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नळी, ट्रे, बाहुली, पाऊण तास. म्हटलं, "मी धावले नव्हते, आजी. मी नुसती ओरडले. तुमची काकवी मी कधी खाल्ली नाही."

तिनं एक चिपाड चुलवणात सारलं. मला वाटलं, समजलं नाही हिला. मग तिनं माझा हात धरला. तिचा तळवा उसाच्या पानांनी चिरलेला, खरखरीत.

"म्या बघितली हुती ती नळी," ती म्हणाली. "तुमी सांगितलंसा ना, साताऱ्याला जाणार म्हनून. म्या दाराशीच हुते. नळी तिथंच. जीप बी तिथंच. म्या दोनदा तोंड उघाडलं, आन दोनदा मिटलं. म्हनलं, शिकल्याली मानसं हायती, त्यास्नी काय ठावं नसंल? आपुन आडानी बाईनं मधी कशाला बोलायचं? दुसरी नळी गेली आसंल." तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ती ते पुसत नव्हती. "तुमाला काकवी दिऊन दिऊन मीच माझ्या जीवाला समजवत हुते, पोरी. म्या बोलले आसते, तर..."

आम्ही दोघी चुलवणासमोर बसून रडलो. गूळ करणारा गुळव्या आमच्याकडे बघून लांब गेला. उठताना तिनं डबा भरून दिला. बसमध्ये बसल्यावर मी झाकण उघडून बोट बुडवलं आणि पहिल्यांदा चाटलं. कोमट होती. हौसाक्का आता नाही, तिलाही जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

म्हणून ते बाकडं. परवाच्या सरावाला तिथं झाडलोट करणाऱ्या एक मावशी बसवल्या होत्या. अंग चोरून बसलेल्या. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "मावशी, ही नळी भरली की खाली गाडीत गेली पाहिजे. तुम्हाला जे दिसेल ते बोलायचं. भ्यायचं नाही." बटण दाबलं. रबराची बाई कण्हायला लागली. नवे डॉक्टर, नव्या सिस्टरा भराभर कामाला लागल्या. छान करत होत्या पोरी. एक हुशार पोरगी, बाविशीचीच असेल, तिनं नळी भरली, सुंदर अक्षरात नाव लिहिलं, ट्रेमध्ये ठेवली आणि खणखणीत ओरडली, "रक्त मागवलं!"

मी हात घट्ट धरून उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकदा फिरला, दोनदा फिरला. मावशींनी तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा उघडलं.

"आवं सिस्टर," मावशी म्हणाल्या, "नळी हितंच हाय की."

सगळे हसले. ती पोरगी लाल झाली, नळी घेऊन जिन्याकडे पळाली. मला हसू आलं नाही. मी भिंतीकडे तोंड केलं, कारण म्हातारीनं पोरांसमोर रडणं बरं दिसत नाही. घड्याळात दोन मिनिटं झाली होती.

मंगल, दोनच मिनिटं लागली गं.